सक्युलंट मान टाकतंय? झारी बाजूला ठेवा, आधी मुळं बघा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला हल्ली वाण म्हणून सक्युलंट, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणारं रोप, द्यायची पद्धत निघालीय. पूर्वी गाळण्या, डबे, कंगवे मिळायचे. ते निदान चार वर्षं टिकायचे. आता चहाच्या कपाएवढ्या सिरॅमिकच्या कुंडीत गुलाबाच्या आकाराचं राखी-हिरवं रोप येतं, वर पांढऱ्या खड्यांचा थर. जानेवारीत ते टीव्हीशेजारी दिमाखात बसतं आणि आषाढात माझ्या दारात येतं.

यंदा खालच्या मजल्यावरची सूनबाई घेऊन आली. "काकू, रोज पाणी घालते, तरी सुकतंय हो."

त्या 'तरी'मध्येच सगळं निदान होतं. पण मी लगेच बोलले नाही. मी ३१ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते. नमुना डोळ्यांखालून घातल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, ही सवय तिथली. आता डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर, पश्चिमेच्या ग्रिलमध्ये माझ्या साठेक कुंड्या आहेत. त्यातल्या निम्म्या लोकांनी 'बघा काही होतंय का' म्हणून आणून सोडलेल्या. त्या अनुभवावरच हे लिहितेय.

पान खोटं बोलतं

तहानलेलं सक्युलंट आणि बुडालेलं सक्युलंट लांबून सारखंच दिसतं. दोघांची पानं सुरकुततात, दोघं मलूल पडतात. कारण साधं आहे. मुळांनाही हवा लागते. कुंडीतली माती सतत ओली राहिली की मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरतात, मुळं गुदमरून मरतात आणि मेलेल्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरा असल्या बुरशीसारख्या जिवांचं फावतं. मुळंच नाहीत तर रोप पाणी पिणार कशाने? मग भरल्या कुंडीत ते तहानेने सुकतं. आपल्याला वरून सुरकुत्या दिसतात, आपण आणखी पाणी घालतो. मी पाहिलेल्या मेलेल्या सक्युलंटपैकी बहुतेक असेच गेलेत, प्रेमाने.

म्हणून नुसतं बघू नका, हात लावा. सर्वांत खालचं पान अंगठा आणि बोटात धरून हलकं दाबा. तहानेचं पान पातळ, लवचिक, जुन्या लिंबाच्या सालीसारखं चिवट लागतं आणि देठाला घट्ट धरून असतं. सडीचं पान पिकल्या द्राक्षासारखं पिचपिचीत लागतं, पिवळट आणि थोडं आरपार दिसतं आणि नुसत्या स्पर्शाने गळून हातात येतं. रोप हलवल्यावर चांगली दिसणारी पानंही टपाटपा पडायला लागली तर समजा की सड खोडापर्यंत चढलीय.

अगदी खालची एकदोन पानं कागदासारखी वाळून खोडाला चिकटलेली असतील, तर तो आजार नाही. जुनं पान रोप स्वतःच शोषून घेतं. ती वाळकी पानं मात्र पावसाळ्याआधी काढून टाका. त्यांच्याआड ओल आणि कीड दोन्ही लपतात.

मग कुंडी उचलून बघा. कोरडी कुंडी आणि ओली कुंडी यांच्या वजनातला फरक हाताला आठवडाभरात कळायला लागतो. शंका असेल तर अगरबत्ती जळून उरलेली काडी मातीत तळापर्यंत खुपसा आणि दहा मिनिटांनी काढा. काडी गडद, ओलसर, माती चिकटलेली निघाली तर आतमध्ये पाणी आहे, वरची माती कितीही पांढरी दिसो. आणि ती काडी नाकाशी न्या. ओल्या मातीचा वास चालेल. तुंबलेल्या मोरीचा वास आला तर पुढचं वाचत बसू नका, कुंडी उपटा.

उपटायचंच, घाबरायचं नाही

लोक इथे कचरतात. "उपटलं तर मरेल ना?" गुलाब, मोगरा कदाचित रुसेल. सक्युलंट मुळांसकट आठवडाभर ओट्यावर उघडं पडलं तरी त्याचं काही बिघडत नाही. पाणी पानातच साठवलेलं असतं.

सूनबाईच्या रोपाच्या वरचे पांढरे खडे निघेचनात. डिंकासारख्या कशाने तरी ते एकमेकांना चिकटवलेले होते, एक सबंध झाकणच. वाहतुकीत सांडू नयेत म्हणून विकणारे असं करतात, पण त्यामुळे आतलं पाणी वाळत नाही. चमच्याच्या दांड्याने फोडून काढलं. कपाला खाली भोक नव्हतं. आत काळं ओलं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, आणि त्याच्याही आत मुळांभोवती जाळीदार कापडाची एक पुरचुंडी. नर्सरीत रोप लहान असताना या पुरचुंडीत वाढवतात आणि कुंडी बदलताना ती तशीच राहते. तुमच्या रोपालाही असेल तर कात्रीने उभी चिरून काढून टाका. मधल्या गाभ्यात पाणी कोंडून राहतं ते तिथेच.

माती झटका, मग मुळं नळाखाली हलक्या धारेने धुवा. आता हा खरा रिपोर्ट. जिवंत मूळ पांढरं, पिवळसर किंवा फिकट तपकिरी असतं आणि ओढलं तर ताण धरतं. मेलेलं मूळ काळपट, मऊ असतं. ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि मध्ये केसासारखा दोरा उरतो. तहानेने गेलेली मुळं वेगळी: कोरडी, ठिसूळ, बोटाने चुरडली की मोडणारी, पण वास नाही, चिकटपणा नाही. ही तिसरी अवस्था दिसली तर नशीबवान आहात, काम सोपं आहे.

सूनबाईच्या रोपाला एकही पांढरं मूळ नव्हतं.

कापाकापी

थोडीच मुळं सडली असतील तर तेवढी कापा, उरलेली दोनतीन दिवस सावलीत वाळू द्या आणि कोरड्या नव्या मिश्रणात लावा. सड बुंध्यात शिरली असेल तर मात्र दया दाखवू नका.

दाढीचं नवं ब्लेड किंवा कटरचं पातं घ्या, स्पिरिटने पुसा. बुंध्याच्या खालून एक पातळ चकती कापा, काकडीची कापतो तशी, आणि कापलेला भाग उजेडात धरा. निरोगी खोड आतून एकसारखं फिकट हिरवं किंवा पांढरं दिसतं. तपकिरी ठिपका, कडेला गडद वर्तुळ, मधोमध नारिंगी डाग, काहीही दिसलं तरी सड तिथपर्यंत पोचलीय. पातं पुन्हा पुसा, आणखी वर कापा. हे पुसणं विसरायचं नाही. नाहीतर तुम्हीच सड वर नेता. मी त्या रोपाच्या चार चकत्या काढल्या. तिसरी चांगली वाटली होती, पण भिंगाखाली एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढा डाग होता. चौथी स्वच्छ निघाली. तोवर खोड बोटाच्या एका पेराएवढं उरलं होतं आणि वर पानांचा शेंडा. सूनबाईला वाटलं, मी रोपाचा बळी दिला.

खालची चारदोन पानं काढून सेंटिमीटरभर खोड उघडं करा. पानं खेचू नका. डावीउजवीकडे हलकं हलवलं की ती देठाच्या मुळाशी पूर्ण सुटतात. ती फेकायची नाहीत, पुढे सांगते.

कापलेल्या जागेवर काय लावायचं, यावर आमच्या सोसायटीत दोन पक्ष आहेत. हळदवाले आणि दालचिनीवाले. मी दोन्ही करून पाहिलं, काही न लावताही करून पाहिलं. हवा कोरडी असेल तर काही लावायची गरज पडत नाही. जुलैत मात्र मी साफ नावाचं बुरशीनाशक वापरते, त्यात कार्बेन्डाझिम आणि मँकोझेब असतं. चिमूटभर पावडर कापलेल्या जागेवर. हातमोजे घालून, तोंडाला रुमाल बांधून आणि डबी पोरांच्या हाती लागणार नाही अशा जागी. दालचिनी निरोगी मुळांवर पडली तर त्यांनाही वाळवते, एवढं लक्षात ठेवा.

मग वाळवण. हाच टप्पा लोक गाळतात. कापलेल्या जागेवर कोरडी, कडक खपली धरली पाहिजे. पुण्यात डिसेंबरमध्ये तीनचार दिवसांत धरते. डोंबिवलीत पावसाळ्यात आठदहा दिवस लागतात, तेही पंख्याखाली. रोप आडवं टाकू नका, शेंडा उजेडाकडे वळून वाकडा होतो. रिकाम्या ग्लासच्या तोंडावर उभं बसवा, खोड आत लोंबतं. माझ्या फ्रिजवर पावसाळाभर असे चारपाच ग्लास असतात. पाहुणे विचारतात, मी सांगत बसत नाही.

खपली धरली की कोरड्या मिश्रणावर नुसतं टेकवून ठेवायचं. पाणी नाही. दोन ते चार आठवड्यांत खोडातून पांढरे किंवा गुलाबी धागे फुटतात. ते सेंटिमीटरभर झाले की पहिलं पाणी. दरम्यान पानं थोडी सुरकुततील, सुरकुतू द्या. ती तहानच रोपाला मुळं सोडायला भाग पाडते. रोज उचलून बघायचा मोह होतो, मलाही होतो. चार दिवसांतून एकदा बघा.

काढलेली पानं तीनचार दिवस वाळवून रेतीवर नुसती पसरा, देठाकडची बाजू रेतीला टेकेल अशी. आधी धागे फुटतात, मग मोहरीएवढं रोपटं. दर दोनतीन दिवसांनी धाग्यांपाशी पाण्याचा एक फवारा. गुलाबाच्या आकाराची एचेव्हेरिया, तसंच सेडम, ग्रॅप्टोपेटॅलम या सक्युलंटना हे जमतं. कोरफडीच्या पानाला जमत नाही, ते सडतं. तिची बाजूची पिल्लं काढून लावायची. स्नेक प्लांटचं पान तुकड्यातून फुटतं, पण पिवळ्या काठाच्या जातीचं पिल्लू साधं हिरवं येतं, मग नर्सरीवाल्याला शिव्या द्यायच्या नाहीत.

आणि वरचा भाग कापल्यावर खाली निरोगी बुंधा उरला असेल तर तोही ठेवा. पाणी अगदी बेताचं. महिनाभरात त्याच्या कडेने दोनचार डोळे फुटतात.

माती, म्हणजे जवळजवळ माती नसलेली

बाजारात कोकोपीटला अमृताचा दर्जा मिळालाय. हलकं, स्वच्छ, स्वस्त. पण सक्युलंटला ते दोन्हीकडून मारतं: एकदा भिजलं की आमच्या दमट हवेत दिवसेंदिवस ओलं राहतं, आणि एकदा पूर्ण वाळलं की पाणी आत घेतच नाही, कडेने खाली वाहून जातं आणि आपल्याला वाटतं मुरलं. मी ते वापरत नाही.

माझं प्रमाण असं: विटेचे तुकडे दोन वाट्या, सिंडर किंवा प्युमिस एक वाटी, चाळलेलं गांडूळखत आणि बागेतली माती मिळून एक वाटी. सिंडर म्हणजे जळलेल्या दगडी कोळशाचा भुसभुशीत खडा, प्युमिस म्हणजे ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड. सिंडर कॅक्टसवाल्या नर्सरीत मिळतो. विटांची आम्हाला ददात नाही, डोंबिवलीत दर तिसरी बिल्डिंग पुनर्विकासाला गेलीय. जुनी लाल वीट आणायची, गोणपाटात गुंडाळून हातोडीने फोडायची, आणि ज्वारीच्या दाण्यापासून हरभऱ्याच्या दाण्यापर्यंतचे तुकडे ठेवायचे. रव्याच्या चाळणीतून खाली पडणारी भुकटी फेकायची; तीच पोकळ्या बुजवते. सिमेंट लागलेली वीट नको. समुद्राची वाळूही नको, तिच्यात मीठ असतं. पुणे, नाशिक, संभाजीनगरकडे हवा कोरडी आहे, तिथे मातीचा वाटा दुप्पट केलात तरी चालेल. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पुणे शहरात साधारण त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढा. एकाच मिश्रणाने दोन्हीकडे कसं भागेल? इंटरनेटवरचं प्रमाण आंधळेपणाने उचलू नका.

कुंडी भरून पेलाभर पाणी ओता. दहा मोजेपर्यंत खालून धार लागली पाहिजे.

तळाला खडीचा थर घालायचा, हे आपल्याकडे प्रत्येक जण सांगतो. आईनेही मला तेच शिकवलं होतं. त्याने निचरा सुधारत नाही. भांडी घासायचा स्पंज पाण्यात बुडवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की उभा करा: आणखी पाणी पडेल. मातीही तशीच वागते, तळाशी एक ओला पट्टा धरून ठेवते आणि मातीचा थर जितका उथळ तितका त्याचा मोठा हिस्सा ओला राहतो. खडी घातली की माती उथळ होते आणि तो ओला पट्टा वर सरकतो, थेट मुळांपाशी. भोकावर एक खापराचा तुकडा किंवा जाळीचा चौकोन पुरे.

कुंडी भाजक्या मातीची, रंग न लावलेली. रोपाच्या घेरापेक्षा दोन बोटं मोठी, जास्त नाही. 'वाढेल तेव्हा जागा हवी' म्हणून मोठी कुंडी घेणं म्हणजे रोपाभोवती न प्यायलेल्या पाण्याचं तळं ठेवणं. बिनभोकाची सुंदर कुंडी आवडत असेल तर तिच्यात प्लास्टिकची भोकाची कुंडी बसवा आणि पाणी घालताना बाहेर काढा.

खरंच तहानलेलं असेल तर

हा भाग छोटा आहे. मुळं कोरडी पण वास नसलेली, पानं पातळ आणि चिवट. अशी कुंडी पसरट भांड्यात पाण्यात ठेवा, निम्म्या उंचीपर्यंत, अर्धा तास. वरची माती ओली झाली की काढून निथळू द्या. दोनतीन दिवसांत पानं भरायला हवीत. आठवडा झाला तरी भरली नाहीत तर मुळं शिल्लक नाहीत. वरच्या कापाकापीकडे परत जा.

पाणी संध्याकाळी घाला, विशेषतः उन्हाळ्यात. बहुतेक सक्युलंट दिवसा पानांची छिद्रं मिटून बसतात, रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून दुसऱ्या दिवशी उन्हात वापरतात. त्यामुळे त्यांना गार रात्री मानवतात. एचेव्हेरिया मूळची मुख्यतः मेक्सिकोच्या डोंगराळ भागातली; दिवसा ऊन, रात्री गारवा. आमच्याकडे मे महिन्यात रात्रीही पाठीला घाम असतो. तिने बिचारीने काय करावं? एप्रिल-मेमध्ये ती वाढत नाही, नुसती तग धरते. त्या काळात पाणी वाढवायचं नाही, उलट कमी आणि गारव्याला.

किती दिवसांनी, हा प्रश्न मला विचारू नका. काडीला विचारा. काडी तळापासून कोरडी निघाली की त्यानंतर दोन दिवस थांबून पोटभर पाणी. रोज चमचाचमचा पाणी घालणं सगळ्यांत वाईट. माझ्याकडे जानेवारीत दहाबारा दिवसांनी पाळी येते, जुलैत कित्येक कुंड्यांना महिनाभर येत नाही.

ऊन

लांबुडकं होऊन मान काढणारं, दोन पानांमध्ये अंतर पडलेलं, फिकट हिरवं रोप उजेडासाठी धावतंय. एकदा लांबलेलं खोड उन्हात ठेवल्याने आखूड होत नाही. शेंडा कापून नव्याने लावावा लागतो. टीव्हीशेजारची, बाथरूममधली, ऑफिसच्या टेबलावरची एचेव्हेरिया दोन महिन्यांत अशी होते. घरातच ठेवायचं असेल तर हॉवर्थिया घ्या, ती दक्षिण आफ्रिकेत झुडपांच्या आडोशाला वाढणारी आहे, कमी उजेडात निभावते.

दुसरी चूक उलटी. हिरव्या जाळीखाली वाढलेलं रोप नर्सरीतून आणलं आणि थेट पश्चिमेच्या उन्हात ठेवलं. दोन दिवसांत पानांवर पांढुरके, मग तपकिरी कोरडे चट्टे. तो रोग नाही, भाजलंय. डाग जाणार नाही, फवारण्या करू नका. नवी पानं येतील तशी ती खाली जातील. आधी आठवडाभर सकाळचं तासभर ऊन, मग हळूहळू वाढवा. सगळं रोप लालसर, जांभळट होणं आणि पान टणक असणं ही मात्र उन्हाची रंगत आहे, बिघाड नाही. माझी कोरफड मे महिन्यात विटकरी होते, पावसात परत हिरवी.

दक्षिणेला गॅलरी असलेल्यांना एक गंमत सांगते. आपल्या मुंबई-ठाण्यात साधारण मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. हिवाळ्यात खोलवर ऊन देणारी तुमची गॅलरी ऐन पावसाळ्यात सावलीत जाते. ढग, ओल आणि सावली एकत्र. रोपं तेव्हाच का जातात, ते लक्षात आलं असेल. त्या दोन महिन्यांत कुंड्या पावसाच्या झडीपासून आत, पण उजेडाच्या टोकाला सरकवा, आणि कुंड्यांमध्ये हात जाईल एवढं अंतर ठेवा. हवा खेळली पाहिजे.

कापूस दिसला तर

पानांच्या बेचक्यात कापसाचे बारीक पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. सबंध पानावर एकसारखी राखी-पांढरी साय असेल तर ती मात्र रोपाची स्वतःची पावडर, ऊन परतवणारी. तिला पुसू नका, पुसलेल्या पानावर ती परत येत नाही. बोटांचे ठसे तसेच राहतात. माझ्या जाऊबाईंनी एकदा धूळ समजून ओल्या फडक्याने सगळी पानं लख्ख केली होती. रोप जगलं, रूप गेलं.

पिठ्या ढेकणासाठी कान साफ करायची काडी स्पिरिटमध्ये बुडवून एकेक पुंजका टिपायचा. संध्याकाळी, आणि आधी एका पानावर करून बघून. पाचसहा दिवसांनी पुन्हा, मग पुन्हा. अंडी एका वेळेत संपत नाहीत. फार पसरला असेल तर लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चारपाच थेंब, तेही ऊन उतरल्यावर. तेलाने पानावरची साय जाते आणि उन्हात पान भाजतं. मुंग्यांची रांग कुंडीकडे जाताना दिसली तर कीड आहेच असं धरून शोधा. मुंग्या तिच्या गोड चिकट्यासाठी येतात आणि तिला सांभाळतात.

वर काही दिसत नाही, पाणी बरोबर आहे, ऊन बरोबर आहे, आणि रोप तरीही जागच्या जागी खुरटलंय? उपटा. मुळांवर आणि कुंडीच्या आतल्या बाजूला पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर मुळांवरचा पिठ्या ढेकूण आहे. सगळी माती घराबाहेर फेका, मुळं धारेखाली धुवा, कुंडी उकळत्या पाण्याने धुऊन घ्या. ती माती दुसऱ्या कुंडीत घालायची काटकसर मी एकदा केली होती. सात कुंड्यांना ते पडलं.

नावातला घोळ

आपल्याकडे नर्सरीत 'जेड' म्हणून बऱ्याचदा पोर्टुलॅकेरिया मिळतं, बारीक गोल पानांचं, तांबूस खोडाचं. ते काटक आहे आणि खऱ्या जेडपेक्षा, म्हणजे क्रॅसुलापेक्षा, आपल्या हवेत जास्त सुखाने राहतं. त्याने पानं गाळली तरी घाबरू नका. खोड नखाने खरवडून आत हिरवं दिसलं तर ते परत फुटतं. अ‍ॅडेनियमचा फुगीर बुंधा बोटाने दाबून बघायचा. थंडीत पानं झडून बुंधा टणक असेल तर ते झोपलंय, पाणी थांबवा. दबत असेल तर उपटून सडका भाग खरवडा. युफोर्बिया कापताना येणारा पांढरा चीक डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. चष्मा लावा, चीक नळाखाली धुवा. मांजर, कुत्रा असेल तर जेड आणि कलांचो त्यांच्या तोंडापासून लांब.

आजारी रोपाला खत नको. चहाचा चोथा, तांदूळ धुतलेलं पाणी, आंबट ताक, यातलं काहीच नको. ज्याला मुळं नाहीत त्याला जेवण वाढून काय होणार? वर पोळीभाजीवर येतात तशी चिलटं येतात.

आणि सोडून कधी द्यायचं? शेंड्यापर्यंत चकत्या काढल्या आणि शेवटच्या चकतीतही मधोमध तपकिरी ठिपका असेल, तेव्हा. तरी त्याआधी वरची दोन घट्ट पानं काढून रेतीवर टाकून ठेवा.

सूनबाईच्या रोपाला २३व्या दिवशी गुलाबी धागे फुटले. काढलेल्या नऊ पानांपैकी पाच कुजली, एक नुसतं वाळलं, तिघांना पिल्लं आली. मूळ रोप आता चार इंची मातीच्या कुंडीत आहे आणि तिच्या स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या खिडकीत सकाळचं ऊन खातंय. पाणी घालायच्या आधी ती मला अगरबत्तीच्या काडीचा फोटो पाठवते. तो बिनभोकाचा कप तिने दोनदा परत मागितला. मी त्यात कान साफ करायच्या काड्या ठेवल्यात, देणार नाही.